एका पाण्याच्या गव्हावर काम करायचं असेल तर

पैदासशास्त्र, म्हणजे पिकांची नवी वाणं काढायचं शास्त्र, घेऊन गव्हावर एम.एस्सी. करायला परभणीच्या कृषी विद्यापीठात येणाऱ्या पोरापोरींना मी आधी विचारतो, तुमच्या गावात गव्हाला किती पाणी देतात? 'मिळालं तर दोन', असं उत्तर येतं. पुस्तकातल्या पाच-सहा पाळ्या विहीरही देत नाही आणि कालव्याचं आवर्तनही. निव्वळ कोरडवाहू रानात लोक शाळू नाहीतर हरभरा पेरतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. तेव्हा आपलं वाण कुणासाठी? माझ्या मते एक-दोन पाण्यांवर गहू काढणाऱ्यासाठी.

मग ताण कधी पडतो ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यातली ओल भारी काळ्या जमिनीत साठते आणि रब्बीचं पीक तीच पितं. तूट पडते शेवटी, दाणे चिकात असताना, त्यात फेब्रुवारी-मार्चचं ऊन. सुरुवातीला फुटव्यांचा पसारा मांडून सगळी ओल उडवणारं झाड डोळ्यांना सुंदर दिसतं, पण दाणा भरायच्या वेळी त्याच्या मुळाशी काही उरत नाही.

पॅसिउरा यांनी १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र पाठच करा: उत्पादन म्हणजे पिकानं वापरलेलं पाणी, गुणिले पाणीवापराची कार्यक्षमता (तेवढ्या पाण्यात झाड किती वाढलं), गुणिले हार्वेस्ट इंडेक्स (झाडाच्या एकूण वजनात दाण्याचा वाटा). नुसती कार्यक्षमता वाढवून भागत नाही. तरी ऑस्ट्रेलियात झाडातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) ही कार्यक्षमता ओळखून निवड केली आणि 'ड्रायस्डेल' हे गव्हाचं वाण २००२ मध्ये आलं. साठलेल्या ओलीवर जगणाऱ्या पिकाला या गुणाचा फायदा जास्त. हंगामात पाऊस पडत राहतो तिथे कमी. म्हणून आपल्याला तो विचारात घेण्याजोगा.

मला स्वतःला मात्र कोलिओप्टाइल, म्हणजे कोंबावरचं टोपण, जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर सुकतो, बी ओलीपर्यंत खोल टाकावं लागतं. हरितक्रांतीतल्या बुटक्या वाणांची जनुकं हे टोपणही आखूड करतात, मग कोंब वर येतच नाही. आरएचटी-८ हे जनुक ताट बुटकं ठेवतं, टोपण आखूड करत नाही. याची चाचणी कागदाच्या गुंडाळीत बी उगवून होते. महागडं यंत्र लागत नाही.

शेतात इन्फ्रारेड थर्मामीटरनं, म्हणजे न टेकवता तापमान मोजणाऱ्या यंत्रानं, पानोळ्याचं (पिकाच्या वरच्या पानांच्या पसाऱ्याचं) तापमान घ्याल. निरभ्र दुपार हवी. ढग किंवा वारा आला की आकडे टाकून द्या. थंड प्लॉट म्हणजे मुळांना अजून पाणी सापडतंय. पण त्या प्लॉटखाली माती हातभर जास्त खोल असेल, तर तुम्ही जमीन मोजली, वाण नाही! ठरावीक अंतरावर तुलनेचं वाण पेरा, जमिनीचे नमुने खोलवरून काढा.

संकर करायला कसब लागतं. ओंबी पोटरीतून निघताच चिमट्यानं प्रत्येक फुलातले तिन्ही परागकोश काढायचे, पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी पराग द्यायचा. संकरापासून वाण यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, म्हणून दोन वर्षांच्या प्रबंधात वाण काढू म्हणू नका, एखादाच गुण नीट तपासा. ओळ, म्हणजे संकरातून निवडत आणलेलं होऊ घातलेलं वाण, दुष्काळात कितीही तगली तरी तांबेरा रोगाला बळी पडणारी पुढे जात नाही.

तुलनेसाठी निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं नेत्रावती आणि पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस ४०२८ हे बन्सी (ड्युरम) गव्हाचं वाण मागवा. दोन्ही कमी पाण्यासाठीच काढलेली आहेत. बी वेळेवर हवं तर दिवाळीची वाट बघू नका, पत्र आधीच टाका.