हापूसच्या ऑर्डरी आढी बघून घ्या

मार्च उजाडला की व्हॉट्सॲपवर पहिला प्रश्न येतो, "पाडव्याला पेटी मिळेल का?" गेल्या साली ज्याने 100 पेट्या घरपोच पाठवल्या, त्याला यंदा 200 ची विचारणा होते. हो म्हणायला काही लागत नाही. पेट्या भरायची वेळ आली की कळतं.

आंबा आढीत, म्हणजे पेंढ्याच्या थरांत रचून, पिकायला साधारण 8 ते 12 दिवस घेतो, आणि पेंढ्याला घाई समजत नाही. खोलीत एका वेळी 300 डझन मावत असेल तर रोजचे 30 डझन निघणार. डागी, देठकूज झालेला, चेमटलेला वगळून 25 च धरा. त्यावरच्या ऑर्डरीला पुढची तारीख द्या. गिऱ्हाईक थांबतं, असा आमचा अनुभव आहे.

अक्षय तृतीयेला एकदा आम्हीच हे पाळलं नाही. ऑर्डरी जास्त झाल्या म्हणून बारा आण्याचा, म्हणजे सोळा आण्यांतला पाऊणच तयार झालेला, आंबा उतरवला. रंग छान धरला, पण चार दिवसांत साल सुरकुतली आणि गोडी आलीच नाही. ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "दादा, हा तुमच्याच बागेतला ना?" पैसे परत केले. काकूंचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

तेव्हा चौदा आण्यालाच उतरवा. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, देठापाशी किंचित खळगा आणि गर्द हिरवी साल फिकी होऊ लागलेली, ही त्याची खूण. शंका आली तर दोन-चार फळं बादलीत टाका. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. पण पूर्ण पक्व होईपर्यंतही झाडावर ठेवू नका, साका (आतला गर स्पंजासारखा होणं) वाढतो. काढणी सकाळी उन्हं चढायच्या आत, नूतन झेल्याने (काठीला पातं आणि जाळी लावलेल्या अवजाराने), 3 ते 5 सेंटीमीटर देठ ठेवून करा. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथंच काळा डाग उठतो. क्रेट लगेच सावलीत न्या. तापलेल्या कातळावर ढीग मारायची सवय गड्यांना असते, ती मोडा. त्या धगीनेही साका होतो.

माल कमी पडला तर शेजारच्या बागेतला घ्यायला हरकत नाही, पण त्याची आढी वेगळी घाला आणि कुठला ते गिऱ्हाइकाला सांगा. परराज्यातला आंबा आपल्या खोक्यात भरून 'देवगड' लिहिणं हा चक्क खोटेपणा आहे. 2018 पासून कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते वापरायला नोंदणी लागते. आंबा पिकवायला कार्बाइडचं तर नाव काढू नका, त्यावर बंदी आहे.

पुण्या-मुंबईला दोन दिवसांचा प्रवास धरून, रंग धरू लागलेलं फळच भरा. एका खोक्यात एकाच वजनाची फळं, दोनच थर, पेंढा कोरडा, आणि हवेची भोकं उघडी. आत चिठ्ठी टाका: पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये. 13 अंशांखाली कच्चा हापूस गारठतो, मग धड पिकत नाही.

खोक्यावर पेन्सिलीने बागेचा तुकडा आणि काढणीची तारीख लिहा. साका बाहेरून दिसत नाही. चिरल्यावर बाठीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा निघाला की फोटो येतो. वाद न घालता फळ बदलून द्या आणि वहीत तो तुकडा मांडून ठेवा. एकाच तुकड्यातून तीन-चार तक्रारी आल्या, तर तिथला उरलेला माल घरपोच पाठवू नका.

वळवाची पहिली सर पडली की फळमाशी आणि कूज दोन्ही वाढतात. त्या दिवशी ऑर्डरी बंद झाल्याचं स्टेटसला टाका आणि झाडावरचा माल कॅनिंगला द्या.