कुंगफूपटाचा खेळ लावताय? आधी सबटायटल बघा

प्रोजेक्टर, स्पीकर, खुर्च्या, एक्स्टेन्शन बोर्ड हे कुणालाही सुचतं. हक्कधारकाची लेखी परवानगी मात्र सगळ्यात आधी घ्या. घरी बघायची डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाची मुभा मिळत नाही.

आता सबटायटल. समजा, १९७८चा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ मूळ मँडरिन चिनीत लावायचाय. डिस्कवर इंग्रजी सबटायटल आहे एवढ्यावर विसंबू नका. काही आवृत्त्यांत मँडरिन संवादांचं भाषांतर नसतंच, इंग्रजी डबिंग जसंच्या तसं उतरवलेलं असतं. मग तोंड मिटलेलं आणि खाली ओळ! दहा मिनिटं बघितलं की कळतं. सबटायटलची फाइल वेगळी असेल तर पाचव्या, साठाव्या आणि शंभराव्या मिनिटाला तपासा. तिन्ही ठिकाणी. सेकंदाला २५ फ्रेमच्या आवृत्तीची फाइल २४ फ्रेमच्या प्रतीवर सुरुवातीला जुळते, मग ओळी दर मिनिटाला अडीचेक सेकंद लवकर यायला लागतात. तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटं. व्हीएलसी प्लेयरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ दाबून फक्त कायम सारखा असलेला फरक निघतो. हा वाढता फरक घालवायला फाइलचा फ्रेमरेटच बदलून घ्यावा लागतो, तोही आदल्या दिवशी.

आणि हे सगळं खेळाच्याच लॅपटॉपवर, खेळाच्याच सभागृहात. ‘घरी चाललं होतं’ हे उत्तर नव्हे. शेवटच्या रांगेत बसा, पुढे दोन माणसं बसवा. ८ फूट रुंद पडद्यावर २.३५:१ (उंचीच्या २.३५ पट रुंद) चित्राची उंची जेमतेम ३.४ फूट. ओळ खालच्या काळ्या पट्टीत गेली की पुढच्यांची डोकी नेमकी तीच झाकतात. जमीन सपाट असेल तर पडद्याची खालची कड ४ फुटांवर ठेवा, नाहीतर ओळ चित्राच्या आत घ्या.

मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करायला मध्ये बनवलेल्या फ्रेम घालणारी सोय, बंद. हाँगकाँगवाले मारामारी बरेचदा सेकंदाला २०-२२ फ्रेमनी टिपून २४ने दाखवत. मध्ये खोट्या फ्रेम घुसल्या की फटक्याची धारच जाते. आवाज मूळ मोनोच (एकाच वाटेचा) ठेवा. ५.१ (सहा वाटांचा) ट्रॅक दोन स्पीकरांवर नीट उतरला नाही तर संवाद गायब आणि ठोसे तेवढे ऐकू येतात. ट्रॅक बदललात? मग सबटायटल अजून चालू आहे का, पुन्हा बघा.

खेळानंतरच्या चर्चेसाठी दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे पुरे, वेळा कागदावर लिहून ठेवा. ‘कसा वाटला?’ने सुरुवात करू नका, कुणी बोलत नाही. दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग लढणाऱ्याचं अख्खं शरीर फ्रेममध्ये का ठेवतो, असं काहीतरी विचारा. जोडीला दिग्दर्शक किंग हूच्या १९६६च्या ‘कम ड्रिंक विथ मी’तला खानावळीचा प्रसंग दाखवा, त्यातली नायिका चेंग पेई-पेई बॅले शिकलेली होती, ते तिच्या हालचालींत शोधायला सांगा. त्या तुकड्याचं सबटायटलही तपासायचंच.

सिनेमा दोन तासांना थोडा कमी आहे, हॉल साडेतीन तास घ्या. माइकचे जादा सेल. निघताना आपली एचडीएमआय केबल.