प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह देण्याआधी: एका फाइलसोबत आणखी काय जातं ते तपासा

ठाण्यात कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरला कोकण भवनात काम निघालं की जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह द्यावाच लागतो. आपल्या समजुतीप्रमाणे त्यात एकच पीडीएफ असते. पण त्याच पेन ड्राइव्हवरून महिन्यापूर्वी पुसलेला पगाराचा तक्ता, बँकेचं स्टेटमेंट, मुलांचे फोटो बहुधा अजून तिथेच असतात आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात.

याचं कारण पुसण्याच्या पद्धतीत आहे. ड्राइव्हवर फाइली कशा मांडायच्या ते फाइल सिस्टिम ठरवते. पेन ड्राइव्हवर ती सहसा फॅट32 किंवा एक्सफॅट असते, विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस. फॅट32 किंवा एक्सफॅट पेन ड्राइव्हवर फाइल डिलीट केली की यादीतल्या तिच्या नोंदीवर फक्त खूण होते आणि जागा मोकळी धरली जाते. मजकूर हलत नाही. 'कट-पेस्ट'चंही तसंच. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल हलवली तर नोंद बदलते. पण लॅपटॉपच्या एनटीएफएस डिस्कवरून पेन ड्राइव्हवर हलवली तर आधी पूर्ण कॉपी होते आणि मग मूळ फाइल डिलीट होते. म्हणजे जुनी प्रत लॅपटॉपच्या मोकळ्या जागेत उरू शकते, विशेषतः हार्ड डिस्क असेल तर.

त्याहून लपलेली जागा क्लस्टरमधली. फाइल सिस्टिम जागा ठरावीक तुकड्यांत वाटते, त्या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. विंडोजमध्ये 64 जीबी पेन ड्राइव्ह एक्सफॅटने फॉरमॅट केला तर हा तुकडा सहसा 128 केबीचा असतो. तुमची पीडीएफ 5 केबीची असली तरी तिला पूर्ण 128 केबी मिळतात आणि उरलेल्या बहुतेक जागेत आधीच्या फाइलचा मजकूर तसाच पडून राहतो. ही जागा 'मोकळी' धरली जात नाही, त्यामुळे फक्त मोकळी जागा साफ करणारी साधी सॉफ्टवेअर तिला हात लावतीलच असं नाही.

म्हणून पहिलं काम: बाहेर देण्यासाठी वेगळा, लहान पेन ड्राइव्ह ठेवा. 8 किंवा 16 जीबी पुरे. घरचा डेटा त्यावर कधीच ठेवू नका.

मग तो पूर्ण फॉरमॅट करा. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', आणि 'क्विक फॉरमॅट'समोरची टिक काढा. नेमकं इथेच बहुतेक जण चुकतात. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी नवी होते. टिक काढली तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या सगळ्या जागेवर शून्य लिहितात. सेकंदाला 10 एमबी लिहिणाऱ्या 16 जीबी ड्राइव्हला साधारण अर्धा तास लागतो. खात्री करायची असेल तर पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर त्या ड्राइव्हवर चालवा. सापडलेल्या फाइली मात्र लॅपटॉपवर साठवा, त्याच ड्राइव्हवर नकोत. एकही जुनी फाइल सापडता कामा नये.

आता फाइलला चिकटलेली माहिती. एनटीएफएसवर एका फाइलच्या आड दुसरा डेटा प्रवाह, म्हणजे त्याच फाइलला जोडलेली पण एरवी न दिसणारी माहिती, राहू शकतो. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज 'झोन आयडेंटिफायर' नावाचा प्रवाह जोडतं आणि त्यात पुष्कळदा ज्या लिंकवरून फाइल घेतली ती पूर्ण लिंक असते. पाहायचं असेल तर फोल्डरच्या अ‍ॅड्रेस पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा, मग डीआयआर, एक स्पेस आणि /आर लिहा (सगळी अक्षरं इंग्रजी). फाइलच्या नावाखाली अपूर्णविरामाने जोडलेलं दुसरं नाव दिसलं तर प्रवाह आहे. फाइल विश्वासाची असेल तर 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर टिक करून 'ओके' दाबा, तो निघून जातो.

फॅट32 किंवा एक्सफॅटवर कॉपी करताना हे प्रवाह गळतात, एनटीएफएसच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर मात्र सोबत जातात. गळण्यातही एक धोका आहे. झोन आयडेंटिफायरचा हाच शिक्का पाहून वर्ड आणि एक्सेल उतरवलेली फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडतात. पेन ड्राइव्हवरून फिरून आलेल्या फाइलवर शिक्का नसला तर ती थेट उघडते, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली असली तरी. बाहेरून परतलेली फाइल आधी अँटिव्हायरसने तपासा.

मॅक वापरणाऱ्यांचं उलट होतं. फॅट किंवा एक्सफॅटवर न मावणारी जादा माहिती मॅक टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. फाइल कुठून उतरवली तेही त्यात असू शकतं. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेल्या फाइली ट्रॅश रिकामा करेपर्यंत त्याच ड्राइव्हवरच्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबलं की लपलेल्या बऱ्याच गोष्टी दिसतात. आधी ट्रॅश रिकामा करा, मग दिसतील त्या छोट्या फाइली काढा आणि ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच ओढा.

दुकानात द्यायची प्रत वर्ड किंवा एक्सेल नको, पीडीएफ करून न्या. आधारची प्रत लागणार असेल आणि समोरचं कार्यालय स्वीकारत असेल तर शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क्ड आधार न्या. फाइल दुकानाच्या डेस्कटॉपवर कॉपी होताना दिसली तर काम संपल्यावर ती शिफ्ट-डिलीटने काढायला सांगा. तिचा मजकूर त्यांच्या डिस्कवर लगेच पुसला जात नाही, पण निदान रीसायकल बिनमध्ये कोणाला सहज दिसणार नाही.

पेन ड्राइव्हमधली चिप झीज वाटण्यासाठी लिखाण वेगवेगळ्या कप्प्यांत फिरवते आणि काही राखीव कप्पे आपल्याला दिसतच नाहीत. त्यामुळे पूर्ण फॉरमॅटही शंभर टक्के हमी देत नाही. ऑडिटची कागदपत्रं किंवा ग्राहकांचा डेटा नेणाऱ्यांनी नवा ड्राइव्ह घ्यावा आणि पहिली फाइल टाकण्याआधीच तो विंडोजमधल्या बिटलॉकर टू गोने किंवा व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करावा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा करावा. विंडोज होममध्ये बिटलॉकरचा ड्राइव्ह उघडता येतो, तयार करता येत नाही. त्यासाठी प्रो लागतं. एन्क्रिप्ट न केलेला जुना ड्राइव्ह टाकून द्यायचा असेल तर आधी आतली चिप फोडा.