वाद गोल फिरतोय का, कसं ओळखाल?

इंदूरच्या सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) रात्री गप्पा रंगल्या की 'आमचाच धर्म श्रेष्ठ, ग्रंथातच लिहिलंय' हे कोणीतरी म्हणतंच. विचारा, ग्रंथ खरा कशावरून? 'श्रेष्ठ धर्माचा आहे म्हणून' असं उत्तर आलं की वर्तुळ पूर्ण. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, हा अन्योन्याश्रय: दोन दावे एकमेकांवरच टेकलेले. तीन किंवा जास्त दुवे असले तर चक्रक. साखळी लांबली की गफलत लपते, म्हणून प्रत्येक कारण कागदावर लिहून बाण काढा. बाण पहिल्या दाव्याकडे परतला तर तिथेच थांबवा. मग धर्माचं नाव बदलून तेच वाक्य वाचा (आधी स्वतःच्या धर्मावर, जिवावर येतं तरी). बहुतेक जण पुढे घसरतात, दावाच खोटा म्हणून मोकळे होतात. पण युक्तिवाद गोल निघाला म्हणून दावा खोटा ठरत नाही, फक्त सिद्ध होत नाही. तेव्हा ग्रंथाबाहेरचा पुरावा मागा, तोही चारचौघांत नव्हे.