ई-रीडर धरणारा हात, पान उलटणारा अंगठा

ई-रीडर म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र निवडताना किंवा त्याच्या सेटिंग्ज लावताना 'मी डावखुरा की उजवा' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. लिहायचा हात आणि ई-रीडर धरायचा हात एकच असतो असं नाही. उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी माणसं ई-रीडर डाव्या हातात धरतात, कारण कप उचलायला, पांघरूण ओढायला, दिवा लावायला उजवा हात मोकळा हवा असतो. शिवाय तासाभरात हात दोन-तीनदा बदलतोच. पाहायचं ते एवढंच: यंत्र जास्त वेळ कोणत्या हातात असतं, आणि पान त्याच हाताचा अंगठा उलटतो की दुसऱ्या हाताचं बोट?

हे आठवून सांगता येत नाही, तपासावं लागतं. पडदा मऊ कोरड्या कापडाने पुसा. नेहमीच्या जागी, नेहमीसारखं अर्धा तास वाचा. मग पडद्याचा दिवा बंद करून यंत्र खिडकीच्या तिरप्या उजेडात धरा. अंगठ्याचे तेलकट ठसे एकाच भागात दाटीने दिसतील. ठसे गोल असतील तर तुम्ही टॅप करता, लांबट आणि पुसट असतील तर सरकवता. हा डाग कडेपासून किती आत आहे आणि किती उंचीवर आहे, ते लक्षात ठेवा. पुढची सगळी जुळवाजुळव या डागाभोवती करायची आहे.

डाव्या हाताने धरलं की पान मागे का जातं

अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर पडद्याची विभागणी पक्की ठरलेली असते. डावीकडची अरुंद उभी पट्टी म्हणजे मागचं पान, वरची आडवी पट्टी म्हणजे मेनू, आणि उरलेला सगळा मोठा भाग म्हणजे पुढचं पान. २०११ च्या किंडल टचपासून हेच चालत आलं आहे. उजव्या हातात यंत्र असेल तर अंगठा आपोआप पुढच्या पानाच्या भागावर पडतो. डाव्या हातात असेल तर तो नेमका मागच्या पानाच्या पट्टीवर टेकतो. शंभर वेळा पुढे आणि एखाद्या वेळी मागे जाणाऱ्या वाचकाला हा हिशेब उलटाच पडतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे टॅप सोडून सरकवणं. पुढचं पान उजवीकडून डावीकडे सरकवल्यावर येतं. डाव्या अंगठ्यासाठी ही हालचाल आतून कडेकडे, म्हणजे अंगठा स्वतःच्या तळहाताकडे ओढण्याची आहे आणि ती सोपी पडते. उजव्या अंगठ्याला मात्र तेच सरकवणं कडेपासून आत ढकलत करावं लागतं, म्हणून उजव्या हाताने धरणाऱ्यांनी टॅपच करावा. डाव्या अंगठ्याची ओढ दीड-दोन सेंटिमीटरची, सलग आणि हलकी हवी. ती तोकडी पडली की यंत्राला टॅप वाटतो आणि पान मागे जातं. सुरुवातीला अंगठा रेंगाळला तर शब्द निवडला जाऊन शब्दकोशाची चौकट उघडते. अंगठा आधी टेकवून मग ओढू नका. टेकता टेकताच ओढा.

दुसरा उपाय पकड बदलण्याचा. बोटं यंत्राच्या पाठीमागे थोडी आत घेतली तर अंगठा पट्टी ओलांडून पुढच्या पानाच्या भागात पोचतो. सहा इंची पडद्यावर हे जमतं, सात इंचीवर लहान हातांना ताण येतो. किंडलचा डावीकडचा खालचा कोपराही लक्षात असू द्या. तिथे टॅप झाला की पान उलटत नाही, तळाची माहिती बदलते: पानाचा क्रमांक, प्रकरण संपायला उरलेला वेळ, टक्केवारी. आकडे आपोआप बदलतात अशी शंका आली तर आधी आपला अंगठा कुठे आहे ते पाहा.

कोबो या दुसऱ्या ई-रीडरवर वाचनाच्या सेटिंग्जमध्ये टॅपच्या भागांच्या वेगवेगळ्या मांडण्या चित्रांसकट दाखवलेल्या असतात. ज्या मांडणीत तुमचा डाग 'पुढचं पान' या भागात येतो, ती निवडा. पण डाव्या हाताने धरणाऱ्यांसाठी कोबोत एक वेगळीच गंमत आहे. पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट वर-खाली फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो. विसावलेला अंगठा जरासा घसरला तरी पडदा अचानक अंधारतो, आणि माणूस बॅटरीला दोष देतो. ही सोय वाचनाच्या सेटिंग्जमध्ये बंद करता येते. उजेड मेनूतून बदलायचा.

कोरीडर हे मुक्त वाचन-सॉफ्टवेअर कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरवर टाकता येतं. त्यात टॅप आणि सरकवण्याची दिशा सरळ उलटी करण्याचा पर्याय आहे, शिवाय टॅपचे भाग हवे तसे आखता येतात. सततच्या डाव्या पकडीसाठी याहून नेमकं काही सापडत नाही. फक्त एक सवय मोडते: दुसऱ्या कुणाचं यंत्र हातात घेतलं की काही मिनिटं पानं उलटीच जातात. अरबी, हिब्रू किंवा जपानी मांगा (चित्रकथा) अशा उजवीकडून डावीकडे वाचायच्या पुस्तकांत दिशा मुळातच उलटी असते, तिथे डाव्या हाताला काहीच करावं लागत नाही.

बटणं असतील तर

२००७ च्या पहिल्या किंडलला दोन्ही कडांना बटणं होती. २०११ च्या चौथ्या पिढीच्या किंडलमध्ये तर पुढचं आणि मागचं पान ही दोन्ही बटणं दोन्ही बाजूंना होती. हात बदला, अंगठ्याखाली बटण आहेच. अशी रचना आता कमीच दिसते. तिच्या जागी एका बाजूला रुंद कड आणि त्यावर दोन बटणं, असा असमान आकार आला: २०१६ ची किंडल ओएसिस, २०१८ ची कोबो फोर्मा, २०१९ ची कोबो लिब्रा. ही यंत्रं डाव्या हातात घेतली की १८० अंशांत फिरवायची, आत मजकूरही फिरतो.

फिरवल्यावर दोन गोष्टी तपासा. एक, अंगठा सैल सोडला असता ज्या बटणावर पडतो तेच पुढच्या पानाचं आहे का. नसेल तर सेटिंग्जमध्ये दोन्ही बटणांची कामं अदलाबदल करा. अंगठा दर पानाला वर उचलावा लागला तर दोनशे पानांनंतर त्याच्या मुळाशी दुखणारच. दोन, कव्हर. पुस्तकासारखं उघडणारं कव्हर फिरवल्यावर उलट्या बाजूला उघडतं आणि त्याची दुमडलेली कड भलत्याच ठिकाणी येते.

वजन कुठे पडतं

आकड्यांत फरक किरकोळ दिसतो. २०२२ ची साधी सहा इंची किंडल १५८ ग्रॅम, २०२१ ची किंडल पेपरव्हाइट २०५ ग्रॅम. पण एका कडेला धरलेलं यंत्र तरफेसारखं वागतं. वजनाचा मध्य पकडीपासून जितका लांब, तितका अंगठा आणि मनगट जास्त दाबावं लागतं. ओएसिसमध्ये बॅटरी जाड कडेत ठेवल्यामुळे भार तळहाताकडे येतो, म्हणून ती एका हातात हलकी वाटते. कव्हर पाठीमागे दुमडलं की हा सगळा हिशेब बिघडतो. एका हाताने वाचायचं असेल तर कव्हर काढून ठेवलेलंच बरं.

कव्हर हवंच असेल तर त्याचा कणा डावीकडे असतो हे ध्यानात घ्या. दुमडल्यावर डाव्या हाताला गोलसर, बंद कड मिळते. उजव्या हातात मात्र दोन सुट्या कडा येतात, त्या एकमेकींवरून घसरतात आणि पकड आवळावी लागते. म्हणजे कव्हरच्या बाबतीत गैरसोय उजव्या हाताची. पाठीवर इलॅस्टिकचा पट्टा असलेलं कव्हर दोन्ही हातांना चालतं. बोट अडकवायची, पाठीवर चिकटवायची अंगठी लावणार असाल तर ती बरोबर मध्यावर न लावता धरणाऱ्या हाताच्या बाजूला दोन सेंटिमीटर आणि मध्यापेक्षा थोडी खाली लावा. ज्या यंत्राचं चार्जिंग वायरलेस आहे, त्याच्या पाठीवर धातूची अंगठी चिकटवू नका, चार्जिंग अडतं.

करंगळीचा आधार यंत्राच्या तळाला देण्याची सवय अनेकांना असते. पेपरव्हाइटचं चालू-बंद बटण तळाच्या कडेवरच आहे. वाचता वाचता पडदा मधूनच झोपत असेल तर बिघाड समजण्याआधी करंगळी कुठे टेकते ते बघा. करंगळी पाठीमागे नेली की त्रास थांबतो.

आडवं पडून वाचताना

कुशीवर झोपल्यावर खालचा हात धरायला वापरा. कोपर गादीवर टेकवा आणि यंत्राची खालची कडही गादीवर टेकू द्या, मग हाताला फक्त तोल सांभाळायचा उरतो. कल ओळखून पान फिरवणाऱ्या यंत्रात आधी उभी दिशा कुलूपबंद करा, नाहीतर डोकं उशीवर टेकताच मजकूर आडवा होतो. जुन्या इन्फ्रारेड स्पर्शपडद्यांवर, उदाहरणार्थ किंडल टच किंवा पहिल्या काही कोबोंवर, पांघरुणाची कडसुद्धा बोट समजली जाते आणि पानं धडाधड उलटतात. तिथे दोष हाताचा नसतो.

पेनवाली यंत्रं

इथे मात्र डावखुरेपणा खरोखर मोजावा लागतो. किंडल स्क्राइब किंवा रिमार्केबलवर लिहिताना तळहात पडद्यावर टेकतो, आणि साधनांची पट्टी डावीकडे असेल तर डाव्या हाताचा तळवा तिच्यावरच येतो. शाई बदलते, खोडरबर लागतो, पान बंद होतं. रिमार्केबलच्या सेटिंग्जमध्ये डावखुऱ्यांसाठी पर्याय आहे, तो लावला की पट्टी उजवीकडे जाते. स्क्राइबवरही पट्टी हलवता येते. मग यंत्र टेबलावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साधारण ३० अंश तिरकं ठेवा. कागदावर ओली शाई फासू नये म्हणून डावखुरी माणसं मनगट हुकासारखं वाकवून लिहायला शिकलेली असतात. इथे शाई ओली नसते, त्यामुळे मनगट सरळ ठेवून ओळीच्या खालून लिहिता येतं. पहिले काही दिवस अक्षर मोठं आणि वेडंवाकडं येईल, तोवर जाड रेघेचं पेन आणि रुंद ओळींचं पान निवडा.