हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना: आधी डेटा, मग वेग

सात-आठ वर्षे वापरलेला संगणक सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे घेऊ लागला आणि साधी फाइल उघडतानाही पडद्यावरचे चक्र फिरतच राहू लागले, की घरात दोनच तर्क केले जातात: एक तर व्हायरस शिरला असावा, नाहीतर आता नवा संगणक घ्यायची वेळ आली असावी. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा यांपैकी काहीच खरे नसते. प्रोसेसर ठीक असतो, मेमरी कामापुरती असते, आणि सगळे घोडे अडलेले असते ते फिरत्या हार्ड डिस्कपाशी. ती काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बसवली तर तोच संगणक आणखी काही वर्षे उत्तम काम देतो. मात्र या कामात क्रम चुकला तर वेग मिळतो आणि वर्षानुवर्षांचा डेटा हातचा जातो. त्यामुळे ज्या क्रमाने काम करावे त्याच क्रमाने येथे लिहिले आहे.

लॅपटॉपमधील नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि ते टोक योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. या हिशेबाने विखुरलेल्या ठिकाणच्या माहितीचे सेकंदाला साठ-सत्तर तुकडेच वाचून होतात, तर विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागत असते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे असे हजारो तुकडे सेकंदाच्या आत वाचले जातात. जाहिरातीत छापलेल्या ‘सेकंदाला इतके एमबी’ या आकड्यापेक्षा हा फरक रोजच्या वापरात कितीतरी अधिक जाणवतो. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकामध्ये १० एमबीची डिस्क होती, जिच्यात आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटोच बसतील. तेव्हापासून डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली, पण तबकडी फिरण्याची वाट पाहणे काही सुटले नाही. ते सुटले एसएसडी घरोघरी आल्यावर.

पहिली पायरी म्हणजे दोष नेमका कोणता आहे ते ठरवणे, कारण डिस्क भरणे, डिस्क मंद असणे आणि डिस्क मरणपंथाला लागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. संगणकावर काहीच काम चालू नसतानाही डिस्कच्या रकान्यात मिनिटामागून मिनिटे १०० टक्के दिसत असेल, तर अडचण डिस्कपाशीच आहे. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर सेटिंगमधील स्टोरेज या भागात जाऊन तात्पुरत्या फायली, विंडोजच्या जुन्या आवृत्तीचे उरलेले फोल्डर आणि डाउनलोडमध्ये साचलेले सामान आधी काढून टाकावे. येथे एक गैरसमज दूर करतो: ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, त्यात कोणी फसवलेले नसते. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, इतकाच तो फरक आहे.

यानंतर डिस्कची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजाराची नोंद ठेवत असते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती वाचून दाखवते. त्यातील दोन ओळी मी सर्वांत आधी पाहतो. ‘०५’ या ओळीत डिस्कने स्वतःच बाद ठरवून राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील माहितीच्या छोट्या कप्प्यांची) संख्या असते, आणि ‘सी५’ या ओळीत वाचता न आल्यामुळे निर्णय लटकलेल्या सेक्टरांची. दोन्ही शून्य असतील तर घाई नाही. ‘सी५’ शून्यावर नसेल, आणि त्यातही दिवसागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. हे आकडे मूळ मांडणीत षोडशमान पद्धतीने दिसतात, त्यामुळे ‘१०’ दिसले की ते सोळा समजावेत.

आमच्या ओळखीच्या एका छोट्या छापखान्याचा संगणक माझ्याकडे आला, तेव्हा हे सगळे मला फार जवळून पाहायला मिळाले. मालकांनी वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, मंडळांची अहवालपुस्तके आणि दोन स्मरणिका त्यात जपून ठेवल्या होत्या. ते म्हणाले, “काळजी नाही, सगळ्याची एक प्रत डी ड्राइव्हवर आहे.” मी डिस्क बाहेर काढून त्यांच्या हातात दिली आणि सी व डी हे याच एका डब्यातले दोन कप्पे आहेत, असे सांगितले. ते बराच वेळ त्या डिस्ककडे पाहत राहिले. तिच्यातील ‘सी५’ चा आकडा सकाळी होता त्यापेक्षा दुपारी वाढलेला होता. त्याआधी एका दुरुस्ती करणाऱ्याने “फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू” असे त्यांना सुचवले होते. त्या दिवशी तसे झाले असते तर वीस वर्षांचे काम पुसले गेले असते.

डी ड्राइव्हवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी जो विचारील त्याला आवर्जून सांगतो. महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी घराबाहेर किंवा क्लाउडवर असावी. डिस्क निरोगी असेल तर बाहेरच्या डिस्कवर फोल्डर कॉपी करून त्यातील दहा-वीस फायली तेथूनच उघडून पाहाव्यात. केवळ कॉपी पूर्ण झाली म्हणून निश्चिंत राहू नये. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा (फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीचा) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

डिस्क आजारी असेल तर पद्धत बदलते. अशा वेळी डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग मांडणे) किंवा डिस्क तपासणी चालवू नये, कारण त्याने उरलेला जीव खर्ची पडतो. आधी जे परत कधीच मिळणार नाही तेवढेच उतरवून घ्यावे: फोटो, हिशेब, लेखन. त्यानंतर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची प्रत काढणारे साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते आणि खराब जागांकडे शेवटी वळते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज लगेच बंद करावी आणि डेटा मोलाचा असेल तर ती डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच सोपवावी. घरी डिस्क उघडणे किंवा ती फ्रीजरमध्ये ठेवणे या ऐकीव उपायांनी डेटा कायमचा जातो.

मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट न चुकता करावी. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेली पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरची फाइल नव्या विंडोजवर उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. फाइल शाबूत असते, फक्त तिचा फॉन्ट हरवलेला असतो. म्हणून फॉन्टचे संपूर्ण फोल्डर, सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि यूएसबीला लावायचे लॉक असल्यास त्याचे ड्रायव्हर यांचीही प्रत घ्यावी. छापखान्यातील संगणकावर मी नवीन विंडोज टाकण्याऐवजी जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करण्याचा मार्ग निवडला, तो याच कारणाने.

आता खरेदी. तुमच्या संगणकात कोणती एसएसडी बसते ते मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच दुकानात जावे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी असलेला) प्रकार बसतो. त्याचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, पण जुन्या यंत्राला तेवढा पुरून उरतो. नव्या संगणकांत एम.२ प्रकारची २२ मिमी रुंद आणि बहुधा ८० मिमी लांब पट्टी बसते. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या पट्टीवर साटाही असू शकते आणि एनव्हीएमई ही अधिक वेगवान पद्धतही. दोन्हींतला फरक न पाहता आणलेली पट्टी खाचेत नीट बसते आणि तरीही संगणकाला ती दिसत नाही, असे अनेकांच्या बाबतीत घडते. एनव्हीएमईच्या तिसऱ्या पिढीचा वेग सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत आणि चौथ्या पिढीचा सात हजारांपर्यंत जातो. मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, पण पत्रे, हिशेब आणि ब्राउझर एवढेच काम असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. त्यापेक्षा क्यूएलसीऐवजी (एका पेशीत चार बिट) टीएलसी (तीन बिट, बहुधा अधिक टिकाऊ) चिप, वॉरंटीची वर्षे आणि एकूण किती डेटा लिहिता येईल याचा टीबीडब्ल्यू हा आकडा पाहावा. अविश्वसनीय वाटावी इतकी स्वस्त एसएसडी घेऊ नये. कमी क्षमतेच्या चिपवर मोठा आकडा दाखवणारे बनावट माल बाजारात असतात.

प्रत करण्यासाठी नवी साटा एसएसडी यूएसबीच्या जोडकेबलने बाहेरून जोडावी. क्लोनझिला हे मोफत साधन विश्वासार्ह आहे, मात्र त्याला नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी लागते. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हा प्रश्न पडद्यावर आला की हात थांबवावा आणि क्षमता व मॉडेल क्रमांक कागदावर लिहून दोनदा ताडून पाहावेत, कारण उलट निवड झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी आणि शक्य असल्यास तो बंद करूनच प्रत करावी.

प्रत झाल्यावर संगणक पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी आणि आत असेल तर तिची जोडणी सोडवावी. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. स्क्रू लहानमोठ्या लांबीचे असतात. मी कागदावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवतो, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो वरच्या भागाला भोक पाडू शकतो. जुनी डिस्क वर न ओढता तिच्या जोडणीपासून आडवी सरकवावी, तिच्या बाजूचे पत्रे काढून नव्या एसएसडीला लावावेत आणि एल आकाराची खाच जुळते आहे हे पाहून ती हळूच आत ढकलावी. जुनी डिस्क साडेनऊ मिमी जाडीची आणि नवी सात मिमीची असेल तर मधली सैल जागा प्लास्टिकच्या चौकटीने भरावी. एम.२ पट्टी मात्र तिरकी घालून खाली दाबायची आणि छोट्या स्क्रूने पक्की करायची असते.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नये, कारण हुबेहूब सारख्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यांतील एक बंद करू शकते. सुरू झाल्यावर ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याच्या खिडकीत नवी डिस्क सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणून ओळखली गेली आहे का ते पाहावे. तशी ती ओळखली गेली असेल तर पुढची देखभाल विंडोज स्वतः करते. एसएसडी काठोकाठ भरू नये, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, जे यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसत नाही आणि केवळ इंटरनेटसाठी वापरले जाते, त्यावर लिनक्स टाकणे सयुक्तिक ठरते.

एसएसडी बसवली म्हणजे बॅकअपची गरज संपली, असे समजणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. हार्ड डिस्क बहुधा कुरकुरत, आवाज करत जाते. एसएसडी आदल्या संध्याकाळी नीट चालते आणि सकाळी संगणकाला दिसतच नाही. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवलेल्या एसएसडीतील माहितीही हळूहळू विरू शकते, म्हणून जुन्या नोंदी दीर्घकाळ ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

काढलेली जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवावी आणि तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. ती निरोगी असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. भंगारात द्यायची असेल तर साधे फॉरमॅट पुरेसे नाही, कारण त्यानंतरही फायली परत काढता येतात; संपूर्ण डिस्क एकदा शून्यांनी भरावी, आणि ती चालतच नसेल तर तबकड्यांतून आरपार भोके पाडूनच भंगारवाल्याच्या हाती द्यावी.