गुरूचा हिमालिया उपग्रह कॅमेऱ्यात कसा टिपावा

गुरूचे चार मोठे चंद्र छोट्या दुर्बिणीतूनही दिसतात. त्यांच्यापलीकडे, खूप कललेल्या कक्षांमधून फिरणारे लहान अनियमित उपग्रह मात्र सहसा कुणी शोधायला जात नाही. गुरूने फार पूर्वी पकडलेल्या खडकांचे हे वंशज असावेत. त्यांतला सर्वांत मोठा हिमालिया. चार्ल्स पेरिन यांनी तो १९०४ साली लिक वेधशाळेत छायाचित्रांवरून शोधला. आज ८ इंची दुर्बीण, ताऱ्यांचा माग ठेवणारं माउंट आणि कॅमेरा असेल, तर आपल्यालाही तो टिपता येतो.

१. प्रतियुतीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो त्या वेळेच्या) मागच्या-पुढच्या दोन-तीन आठवड्यांतली चंद्र नसलेली रात्र निवडा. या काळात गुरू ताऱ्यांमधून भराभर पश्चिमेकडे सरकतो आणि पुढे नेमकी हीच गती कामी येते.

२. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या 'होरायझन्स' या मोफत सेवेत ५०६ हा हिमालियाचा क्रमांक आणि आपलं ठिकाण भरून तासातासाची स्थाने काढा. हिमालिया गुरूपासून सरासरी १ कोटी १४ लाख किलोमीटरवर असतो. त्यामुळे आकाशात तो गुरूपासून अंशभर, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदीइतका, दूर जातो. असे दिवस गाठा.

३. गुरूला फ्रेमबाहेर ठेवा. त्याच्या झगझगाटात पंधराव्या प्रतीच्या आसपासचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद) ठिपका टिकत नाही.

४. ३० सेकंदांच्या २० फ्रेम घ्या. एक संच दहा मिनिटांहून लांबवू नका, नाहीतर हिमालिया सरकून पुसट होतो. दोन तासांनी पुन्हा तसाच संच घ्या.

५. दोन्ही संच वेगवेगळे स्टॅक करा (म्हणजे संचातल्या फ्रेम एकावर एक रचून एक चित्र बनवा), तारे जुळवा आणि दोन्ही चित्रं आलटून पालटून पाहा. सगळे तारे जागच्या जागी राहतात. एकच ठिपका साधारण ४० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) उडी मारतो. घाईने आनंदू नका, कारण एखादा लघुग्रहही असाच हलतो. पण मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले लघुग्रह आपल्याला जवळचे, त्यामुळे प्रतियुतीला ते तासाला ३५ विकलांच्या आसपास पळतात. हिमालिया गुरूसोबत, तासाला २० विकलांच्या आसपास चालतो. वेग जुळला, दिशा पश्चिमेची आली आणि जागा होरायझन्सच्या आकड्यांवर पडली, की तो हिमालियाच.

पुढचं लक्ष्य एलारा, क्रमांक ५०७. तो सुमारे दोन प्रतींनी मंद आहे. त्यासाठी मोठी दुर्बीण घ्या किंवा फ्रेम खूप वाढवून त्या उपग्रहाच्या गतीनुसार स्टॅक करा.